सर्व सदस्यांना नम्र विनंती

अनुराधा बेंद्रे तीन वर्षांसाठी म्हणून जपानला आली, त्याला आता चौदा वर्षं झाली. सत्यजितला त्याच्या बँकेनं तोक्योच्या शाखेत पाठवलं, तेव्हा पुण्याचं गॅसचं कार्डसुद्धा तिनं परत केलं नव्हतं. ‘येतोच आहोत ना परत,’ असं म्हणून ते कपाटात ठेवलं. ते कार्ड अजून तिथंच आहे आणि ती दोघं हिगाशी-कसाईच्या एका दहा मजली इमारतीत सातव्या मजल्यावर आहेत. आठवड्यातले तीन दिवस ती सायकलवरून जवळच्या भारतीय शाळेत जाते आणि तिथलं ग्रंथालय सांभाळते. मुलं पुस्तकं नेत नाहीत, त्यामुळे ती हरवत नाहीत. एकूण काम शांततेचं.

शांतता मात्र अनुराधेला मानवत नसे. तिला मत नाही असा विषय अजून कुणाला सापडला नव्हता, आणि सगळ्यांत जास्त मतं अमेरिकेबद्दल होती. अमेरिकेला ती एकदाही गेली नव्हती, त्यामुळे त्या मतांच्या वाटेत कसलाही अडथळा नव्हता.

ही मतं दर शनिवारी सकाळी ‘कसाई कट्टा’ या मराठी मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये येऊन पडत. ‘शनिवारचं तिखट’ असं त्या ऑडिओचं नाव होतं. आठवड्याभरातल्या तंत्रज्ञानाच्या बातम्या घ्यायच्या आणि त्यांना आपल्या खलबत्त्यात कुटायचं. शयनगृहाचं दार लावून, पंखा बंद करून, डोक्यावर पांघरूण घेऊन ती रेकॉर्डिंग करी. पांघरुणात आवाज घुमत नाही, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. सत्यजित तेवढा वेळ बाहेर कचऱ्याची वर्गवारी करत बसे. प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, बायकोची मतं वेगळी.

तिखट चांगलंच झोंबणारं असे. ‘मंडळी, काळा टी-शर्ट घातलेला एक कोट्यधीश काल स्टेजवर आला आणि म्हणाला, की आता तुमची कंटाळवाणी कामं यंत्र करेल आणि तुम्हाला मुलाबाळांबरोबर वेळ मिळेल. दिलेला शब्द पाळणारा माणूस हो! दुसऱ्याच दिवशी त्याच्या कंपनीतल्या बारा हजार लोकांना मुलाबाळांबरोबर वेळ मिळाला.’

गणपतीतला भाग तर कसाईपासून सेंदाईपर्यंत फिरला होता. अनुराधेनं उकडीचे दोन मोदक ताटलीत शेजारी शेजारी ठेवून फोटो टाकला, तो अमेरिकेतल्या कंपनीच्या यंत्रानं ‘प्रौढांसाठीचा मजकूर’ म्हणून काढून टाकला. ‘म्हणजे बघा हं,’ ती पांघरुणातून गरजली, ‘त्या देशात दुकानात जाऊन बंदूक आणता येते, आणि माझ्या मोदकांना वय विचारतात! बरं, त्यांनी मोदक पाहिलेला नाही, हे मी समजू शकते. पण यंत्राच्या मनात जे आलं, ते आधी कुणाच्या मनात आलं असेल, याची चौकशी नको का व्हायला? उगाच नाही तिकडे बोलायचं स्वातंत्र्य. काय बोलायचं ते कंपनी ठरवते, आपल्याला तेवढाच विचार कमी!’

ऑडिओ पडला, की काही मिनिटांत पहिला निरोप यायचा तो नंदिनीचा. ‘ताई, मेले हसून!’ आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे.

नंदिनी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. विनयबरोबर ती इथे आली तेव्हा तिला ना भाषा येत होती ना सायकल. पहिल्या आठवड्यात कचऱ्याची पिशवी चुकीच्या वारी ठेवली म्हणून कुणीतरी ती परत दारात आणून ठेवली, तेव्हा ती जिन्यात बसून रडली होती. अनुराधेनं तिला उठवलं. दवाखाना दाखवला, सहीऐवजी शिक्के मारायला शिकवलं, नदीकाठी नेऊन सायकल शिकवली. मैथिलीच्या जन्माच्या वेळी विनय कामासाठी ओसाकाला अडकला होता, तर इस्पितळात रात्रभर अनुराधाच बसली होती. अशा माणसानं आपल्या विनोदावर सगळ्यांत आधी हसावं, यात अनुराधेला आश्चर्य वाटत नसे. जगात इतर लोक उशिरा का हसतात, याचं मात्र वाटे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे जपानी नोटिशीची. हा अनुराधेचा खास अभ्यासाचा विषय होता. एकदा त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कागद लागला : ‘अलीकडे तीव्र वासाबद्दल काही विचारणा झाल्या आहेत. सर्व रहिवाशांनी स्वयंपाक करताना पंखा लावावा, ही विनंती.’ खाली कमरेत वाकून नमस्कार करणाऱ्या माणसाचं चित्र. इमारतीत ऐंशी घरं. त्यांतल्या दोनच घरांत हिंग, आणि नंदिनी तेव्हा नाशिकला माहेरी गेलेली.

तेव्हापासून अनुराधा नव्यानं आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला पहिल्याच चहाला सांगे, “हे बघा, इथे तोंडावर कुणी काही बोलत नाही. नोटीस लावतात. आणि नोटीस सगळ्यांना असली, की समजायचं ती एकालाच आहे. तो एक कोण, हे त्याच्याशिवाय सगळ्यांना माहीत असतं.”

नवीन मंडळी घाबरून माना डोलावत. ती पंख्याचं बटण कुठलं तेही दाखवी.

तर मे महिन्यातल्या एका गुरुवारी कट्ट्यावर जयेशचा संदेश आला. जयेश हा ग्रुपचा व्यवस्थापक, स्वभावानं इतका गरीब, की लिफ्टचं दार बंद होतानाही तो त्याला ‘सॉरी’ म्हणायचा. त्यानं लिहिलं होतं : ‘सर्व सदस्यांना नम्र विनंती. अलीकडे नियमितपणे येणाऱ्या, ग्रुपच्या मूळ उद्देशाशी संबंध नसलेल्या संदेशांमुळे काही सदस्यांची अडचण होत असल्याचं लक्षात आलं आहे. सर्वांनी एकमेकांचा विचार करावा. धन्यवाद.’ खाली जोडलेले हात.

अनुराधेनं ते वाचलं आणि मांडीवर थाप मारली. “बरं झालं! नरेंद्रकाकांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं.”

नरेंद्रकाका म्हणजे निवृत्त बँक अधिकारी. पलीकडच्या इमारतीत मुलाकडे राहायला आलेले. ते रोज पहाटे कट्ट्यावर एक फूल टाकत आणि फुलाखाली सुविचार. लोक डोळे चोळत फोन उघडत, तर आधी जास्वंद आणि मग संयमाचं महत्त्व.

सत्यजित वर्तमानपत्रं सुतळीनं बांधत होता. तो म्हणाला, “काकांनाच आहे कशावरून?”

“मग काय मला आहे?” अनुराधा हसली. सत्यजितनं सुतळीला आणखी एक गाठ मारली. तिथे खरं तर गाठीची गरज नव्हती.

त्या शनिवारी तिनं तिखटात नोटिशीची बाजू घेतली. सेन्सॉरशिपविरुद्ध इतकी वर्षं कुटलेला खलबत्ता तिनं प्रथमच उलटा फिरवला. ‘मंडळी, मी बंदीच्या विरुद्ध आहे. पण बंदी वेगळी आणि शिस्त वेगळी. काही फुलं झाडावरच शोभतात, फोनवर आली की त्यांचं निर्माल्य होतं. आणि सुविचाराचं म्हणाल, तर सकाळी सहाच्या आत माणसाच्या मनात जे येतं ते सुविचार नसतात!’

नंदिनीचं उत्तर नेहमीप्रमाणे वेळेत आलं. ‘ताई, मेले हसून!’ दोघा-चौघांनी नुसता अंगठा दाखवला. संध्याकाळी कट्ट्यावर एक करडी ओळ दिसली : नरेंद्र यांनी ग्रुप सोडला. अनुराधेला जरा चुटपुट लागली. पण ती सोलकढी करत होती आणि नारळाचं दूध फाटायला आलं होतं.

पुढच्या शनिवारी तिखट पडलं. विषय अमेरिकेतलाच, स्वतःच्या मालकाकडे पासवर्ड मागणारा फ्रिज. दुपारच्या आत जयेशचा संदेश हजर : ‘सर्व सदस्यांना पुन्हा एकदा नम्र विनंती.’ मजकूर तोच, पण ‘नियमितपणे’ या शब्दाखाली रेघ.

अनुराधा तेव्हा लिफ्टमध्ये होती. हातात कोथिंबिरीची जुडी. नरेंद्रकाका तर गेले, मग आता कोण? अद्वैतची आई क्लासच्या जाहिराती टाकते, ती? छे, ती वर्षातून दोनदा टाकते. तिनं संदेश वर सरकवला. वर तिचाच ऑडिओ होता. आणखी वर सरकवलं. मधल्या आठवड्यात कुणी काही टाकलंच नव्हतं. लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, दार मिटलं आणि ती पुन्हा खाली आली. खाली एक जपानी आजोबा कुत्र्याला घेऊन उभे होते. ते वाकले, ती वाकली आणि त्यांच्याबरोबर पुन्हा वर गेली.

तिनं जयेशला फोन लावला.

“जयेश, खरं सांग. ती नोटीस माझ्यावर आहे?”

“ताई, तसं नाही हो. सर्वांनाच आहे ती.”

“मला शिकवतोस? हे वाक्य या वस्तीत मी शिकवलंय सगळ्यांना.”

पलीकडे स्टेशनवरची घोषणा झाली. मग जयेश म्हणाला, “ताई, मी फक्त पुढे टाकलं. मजकूर माझा नाही.”

“कुणाचा?”

“ते बरं दिसत नाही सांगणं.”

“जयेश, तुझ्या बायकोच्या डोहाळजेवणाला सव्वाशे पुरणपोळ्या कुणी लाटल्या?”

“ताई, प्लीज, पुरणपोळ्या मध्ये आणू नका,” तो कळवळला. “नंदिनीनं पाठवला होता. चांगल्या मनानंच हो. माझी गाडी आली, ठेवतो.”

माणूस दुखावला, की आधी चुकीची गोष्ट करतो. अनुराधेनं कोथिंबीर निवडायला घेतली. काड्या भांड्यात गेल्या आणि पानं कचऱ्यात. ते लक्षात आल्यावर ती उठली आणि जिन्यानं खाली गेली.

नंदिनी सायकलींच्या शेडमध्ये भेटली. मैथिलीला पोहण्याच्या क्लासला सोडून ती नुकतीच आली होती. अनुराधेला बघून तिनं नेहमीसारखा हात हलवला आणि मग चेहरा पाहून तो खाली घेतला.

“जयेशनं सांगितलं?” तिनं विचारलं.

“तू सांगायचंस. चार मजल्यांचं अंतर आहे, नंदू. बेल आहे माझ्या दाराला.”

“ताई, मी सांगणारच होते. विनयची बदली होतेय. कॅलिफोर्नियाला.” हे ती अशा आवाजात म्हणाली, जणू कुणाला तरी दवाखान्यात हलवायचं आहे. “व्हिसा व्हायचाय अजून. हल्ली म्हणे सगळं बघतात, फोनवर काय आहे, कुठे काय लिहिलंय. विनयच्या ऑफिसात सगळेच घाबरलेत. लोक जुने फोटोसुद्धा पुसतायत. आणि कट्ट्यावर दर शनिवारी तुमचं अमेरिकेवर...”

“माझ्या मोदकांमुळे अमेरिकेच्या सुरक्षेला धोका आहे?”

“बघा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा विनोद होतो!”

“मग कशाचा होऊ देऊ? मी मराठीत बोलते, कसाईत बोलते, पांघरुणात बोलते! कोण ऐकणार आहे तिकडे?”

“यंत्रं ऐकतात. तुम्हीच म्हणता ना दर आठवड्याला?”

ती तसं म्हणत असे, हे खरंच होतं. आपला विनोद कुणी इतका खरा मानील, हे तिला सुचलं नव्हतं. “बरं,” ती म्हणाली, “पण ही जपानी नोटीस कशाला? सगळ्यांना नम्र विनंती! नंदू, आपण दोघी मराठीत बोलतो. तुला सायकल शिकवताना मी तीनदा पडले आहे. मला येऊन म्हणायचं, ताई, चार महिने गप्प बसा. बसले असते मी.”

“नसता बसलात,” नंदिनी म्हणाली. आता तिचाही आवाज चढला. “तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं, तर पुढच्या शनिवारी त्याचंच तिखट झालं असतं. ‘मंडळी, आमच्या तिसऱ्या मजल्यावर अमेरिकेची वकिलात उघडली आहे.’ सगळी कसाई हसली असती विनयला. नरेंद्रकाकांचं काय केलंत तुम्ही?”

शेडमध्ये एक बाई सायकल लावायला आली. दोघी वाकल्या, ‘कोन्निचिवा’ म्हणाल्या. बाई गेली.

वकिलातीचं वाक्य चांगलं होतं. अनुराधेच्या मनात ते आधीच आलं होतं आणि त्यात ‘तिसऱ्या मजल्यावर’ऐवजी ‘खालच्या मजल्यावर’ बरं वाटेल, असाही विचार येऊन गेला होता. त्या विचाराची तिला लाज वाटली, म्हणून ती जे विचारायचं नव्हतं तेच विचारून बसली.

“एवढा त्रास होत होता, तर हसायचीस कशाला? सगळ्यांत आधी?”

नंदिनी सायकलचं कुलूप लावू लागली. ते आधीच लागलेलं होतं.

“ताई, ते अकरा-बारा मिनिटांचं असतं. शनिवारी सकाळी मैथिलीचा क्लास, विनयचा डबा...”

“म्हणजे अर्धंच ऐकायचीस?”

नंदिनीनं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं.

“नंदू, ऐकतच नव्हतीस?”

“आधी ऐकायचे! पहिली दोन वर्षं सगळे ऐकलेत, शप्पथ. मोदकाचा तर तीनदा ऐकला. पण गेल्या वर्षापासून...” तिनं फोन काढला. कदाचित तिलाही हे ओझं नको झालं असावं. “विनयनं हे ॲप फोनवर घालून दिलं. ऑफिससाठी घेतलं होतं त्यानं. यात ऑडिओ टाकला, की तो काय आहे ते थोडक्यात सांगतं. आणि उत्तरही सुचवतं. मी फक्त पाठवते.”

अनुराधेनं फोन हातात घेतला. चष्मा वर घरी राहिला होता, म्हणून तिनं तो हात लांब करून वाचला. सकाळच्या तिखटाचा सारांश तीन ओळींचा होता. ‘वक्ता अमेरिकी कंपन्यांवर टीका करतो. स्मार्ट फ्रिजविषयी विनोद करतो. शेवटी पुन्हा अमेरिकेवर टीका करतो.’ खाली तीन चौकोनांत तीन उत्तरं, हवं ते दाबा : ‘छान!’, ‘खरं आहे.’ आणि ‘ताई, मेले हसून!’

“हे मेले हसून तुझं होतं,” अनुराधा म्हणाली. “ते तरी तुझं होतं ना?”

“माझंच. मी इतक्यांदा लिहिलं होतं, की त्यानं ते उचललं.”

अनुराधेनं फोन परत दिला. याच ॲपची तिनं फेब्रुवारीत चांगली साल काढली होती. बारा मिनिटांचं तिखट होतं ते आणि नंदिनी त्यावरही हसून मेली होती. सगळ्यांत बोचला तो ‘वक्ता’मधला पुरुषी काना. वर्षभर ऐकून यंत्राला ती बाई आहे, एवढंसुद्धा कळलं नव्हतं.

“ताई, तुम्ही माझ्यासाठी केलंत तेवढं माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं नाही,” नंदिनी रडवेली झाली.

“हो,” अनुराधा म्हणाली आणि जिना चढू लागली. चौथ्या मजल्यावर तिला दम लागला, पण लिफ्ट बोलवावीशी वाटली नाही.

पुढच्या शनिवारी शयनगृहाचं दार उघडंच होतं. सत्यजितनं तीनदा डोकावून पाहिलं. पांघरूण घडी घालून ठेवलेलं. “आज नाही?” त्यानं विचारलं.

“कुणासाठी?” ती म्हणाली. “तू तरी ऐकतोस का रे?”

“मी बाहेर कचऱ्यात असतो,” सत्यजित प्रामाणिकपणे म्हणाला. “पण आवाज चांगला येतो तुझा.”

तिनं डब्यात नारळाच्या वड्या भरल्या आणि पलीकडच्या इमारतीत नरेंद्रकाकांकडे गेली. मुलगा-सून बाहेर गेले होते. काकांनी दार उघडलं, वड्या पाहून संकोचले, तिला बसवलं.

“काका, मी माफी मागायला आले. त्या दिवशी ऑडिओत मी फार बोलले. ती नोटीस तुमच्यावर नव्हतीच.”

“छे छे, मला काहीसुद्धा वाटलं नाही,” काका घाईघाईनं म्हणाले. “उलट मी न चुकता ऐकायचो तुमचं. फार छान बोलता. खूप हसायचो.”

आठवड्यापूर्वीची अनुराधा यावर फुलली असती. आताची फुलली नाही. मग तिनं ग्रंथालयातल्या मुलांना विचारावं तसं विचारलं, “मोदकाच्या भागात काय होतं, काका?”

काकांनी वडीचा तुकडा मोडला. तो तोंडात टाकला. “अमेरिकेवर असणार,” ते म्हणाले. “नेहमी तेच असतं.”

अनुराधा हसली नाही, पण रागावलीही नाही. काका मात्र आता खुलले होते. पकडलं गेल्यावर माणसाला एक प्रकारची मोकळीक मिळते. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “मग मीही विचारू का एक? मी कट्ट्यावर शेवटचं काय टाकलं होतं?”

“जास्वंद,” अनुराधा म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून, “नाही, गुलाब. मोगरा?”

“फूल नव्हतंच,” काका म्हणाले. “निघताना नुसत्या चार ओळी लिहिल्या होत्या. सगळ्यांचा निरोप घेतला होता, तुमचाही. तासभर थांबलो, कुणाचंच उत्तर आलं नाही, तेव्हा समजलो, की कुणी वाचतच नाही, आणि बाहेर पडलो.”

अनुराधेनं पर्समधून फोन काढला. करड्या ओळीच्या वर सरकवत गेली. काका म्हणाले, “राहू द्या हो आता.” पण तिनं डोक्यावरचा चष्मा खाली ओढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.